दर्या बंद असताना वर्कला

प्रश्न असा आहे: दोघी मैत्रिणी, जुलैच्या शेवटी दहा दिवसांची सुटी, पाठीवर एकेक सॅक. मुंबईहून रेल्वेने केरळातल्या वर्कलाला जायचं, तिथे सर्फिंग शिकायचं, कड्यावरच्या कॅफेत बसून पाऊस बघायचा. पावसात जावं का, आणि जायचं तर काय काय न्यावं? सोबत सामानाची लांबलचक यादी, आणि स्वतःचा सर्फबोर्ड घ्यावा का हाही प्रश्न.

जा. वर्कला पावसात फार सुंदर असतं. पण सर्फिंग शिकायचंच या हट्टाने जाणार असाल तर तारखा बदला, कारण जुलैत तिथला समुद्र नवशिक्याने उतरावा असा नसतो. या एका गोष्टीवर मी अडून बसते, म्हणून आधी तीच नीट सांगते.

मी देवगडची. गेली बारा वर्षं सॅक पाठीला लावून फिरणारे छोटे गट घेऊन पश्चिम किनाऱ्यावर हिंडते, आणि त्यातले सात पावसाळे थोडे थोडे वर्कलात काढले आहेत. आमच्याकडे पाऊस लागायच्या आत होड्या वर ओढून झापांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कोणी पाण्यात लोटत नाही. केरळातही ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत ५२ दिवस ट्रॉलरना बंदी असते. ही बंदी मुख्यतः माशांच्या विणीसाठी, पण त्या दिवसांत समुद्र कसा असतो हे मच्छीमाराला वेगळं सांगावं लागत नाही. ज्यांचं पोट पाण्यावर आहे ते बाहेर थांबले असताना चार दिवसांपूर्वी बोर्ड हातात घेतलेल्या माणसाने आत जाऊ नये.

सगळे लाटेची उंची बघतात. खरी बघायची गोष्ट म्हणजे दोन लाटांमधला वेळ. वर्कलाच्या उत्तर कड्यावर उभं राहून हे कोणालाही मोजता येतं. एक लाट फुटली की मनात आकडे म्हणायला लागा आणि पुढची फुटेपर्यंत म्हणत राहा. हिवाळ्यात पार दक्षिणेकडच्या महासागरातून निघालेली लाट हजारो मैल चालून येते आणि बारा-चौदापर्यंत मोजून होतं. तेवढ्या वेळात पडलेला माणूस वर येतो, श्वास घेतो, बोर्ड जवळ ओढतो आणि पुढच्या लाटेकडे तोंड करतो. जुलैत तिथल्या तिथे वाऱ्याने उठवलेल्या लाटा असतात. आठ-नऊ म्हणेपर्यंत पुढची डोक्यावर येते, आणि ती एका ओळीत येत नाही, तिरकी, एकमेकींवर चढलेली येते. पहिली लाट पाण्याखाली नेते, वर आलं की तोंडात फेस, आणि श्वास घ्यायच्या क्षणी दुसरी. चांगले पोहणारेसुद्धा अशात दोन-तीन मिनिटांत दमतात.

दुसरं कारण वारा. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. तो समोरून येणाऱ्या लाटेला थोपवून धरतो, म्हणून तिचा चेहरा उभा, गुळगुळीत राहतो आणि ती सावकाश, एका बाजूने उलगडत फुटते. सर्फिंग शिकायला पहाटे उठवतात ते यासाठी. पावसाळ्यात मतलई नसतोच. नैऋत्येचा वारा रात्रंदिवस पाठीमागून लाटा ढकलत असतो, आणि त्या मिळेल तिथे कोसळतात.

तिसरं कारण वाळू, आणि हे पहिल्यांदा जाणाऱ्यांना माहीत नसतं. तुम्ही फोटोत बघितलेला कड्याखालचा रुंद किनारा जुलैत बहुतेक जागी नसतो. पावसाळ्यातल्या लाटा वाळू उचलून थोड्या आतल्या पाण्यात नेऊन बांधासारखी रचतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाटा सौम्य झाल्या की तीच वाळू हळूहळू परत येते. मधल्या काळात पाणी थेट कड्याच्या पायथ्याला लागतं. म्हणजे आत कसंबसं गेलात तरी बाहेर पडायला जागा नाही, मागे खडक आणि माती. आपण कोकणातले लोक इथे आणखी एका बाबतीत फसतो. आपल्याकडे भरती-ओहोटीत पाणी इतकं मागेपुढे होतं की 'ओहोटीला जाऊ, किनारा मोकळा असेल' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. वर्कलाकडे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर. तिथे किनारा किती उघडा आहे ते लाटा ठरवतात, तिथी नाही.

आणि पाण्याची ओढ. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच. वाळूच्या बांधात जिथे खिंड असते तिथून ते नदीसारखं आत जातं. वरून बघितलं तर दोन्हीकडे लाटा फुटून पांढरा फेस असतो आणि मध्ये एक गडद, शांत पट्टा दिसतो. नवखा माणूस शांत जागा म्हणून नेमका तिथेच उतरतो. सापडलातच कधी, तर किनाऱ्याकडे झगडू नका. पाठीवर तरंगून श्वास सांभाळा, हात वर करून मदत मागा, आणि किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर या. वर्कलाच्या पापनाशम किनाऱ्यावर जीवरक्षक असतात. त्यांनी लाल झेंडा लावला किंवा शिट्टी मारली की वाद घालू नका, घोट्याएवढ्या पाण्यातूनही मागे या. त्यांच्या तोंडून मी जे ऐकलं आहे त्यानंतर लाल झेंडा असताना 'फक्त पाय भिजवायला' गेलेला माणूस बघितला की माझ्या पोटात गोळा येतो.

हे फक्त पावसाळ्यापुरतं आहे असंही समजू नका. मार्च २०२४ मध्ये, ऐन उन्हाळ्यात, याच पापनाशमला तरंगत्या पुलावरची माणसं मोठ्या लाटांत पाण्यात फेकली गेली. एप्रिल-मेमध्ये कधीकधी स्वच्छ आकाश, वारा नाही आणि तरी समुद्र अचानक फुगून घरांपर्यंत येतो. मल्याळममध्ये याला कळ्ळक्कडल म्हणतात, चोर समुद्र. दूर दक्षिणेतल्या वादळाची ती लाट असते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचे इशारे देते, तेच पुढे केरळच्या आपत्ती व्यवस्थापनाकडून जाहीर होतात. किनाऱ्यावर जाण्याआधी ते बघायची सवय आत्तापासूनच लावून घ्या.

मग जुलैतच सुटी आहे आणि बोर्डावर उभं राहायचंच आहे, तर? पूर्व किनारा धरा. चेन्नईच्या दक्षिणेला कोवलम आणि महाबलीपुरम या पट्ट्यात त्या दिवसांत नैऋत्येचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे सकाळी आपला मतलईच मिळतो, आणि शिकवणारे लोकही भरपूर आहेत. (हे तमिळनाडूतलं कोवलम. केरळातलं कोवलम वेगळं, तिथे जुलैत वर्कलासारखीच अवस्था.) पासपोर्ट हाताशी असेल तर श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं अरुगम बे, त्याचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. पण तुमच्या प्रश्नात सर्फिंगइतकाच पाऊस होता, कड्यावरचा तो कॅफे होता, म्हणून मला वाटतं तुम्हाला वर्कलाच हवं आहे. तर वर्कला जुलैत बघा आणि सर्फिंगसाठी ऑक्टोबरनंतर चार दिवस पुन्हा या. वर्कलाच्या उत्तरेला एडवाकडे नवशिक्यांना शिकवतात, तेव्हा तिथलं पाणी ओळखीचं झालेलं असेल.

आता कडा. इथे थोडं थांबते, कारण यावर लोक लक्ष देत नाहीत. वर्कलाच्या कड्याची वरची तांबडी माती-दगड म्हणजे आपला जांभाच. देवगड-राजापूरकडच्या माणसाला तो बघून एकदम घरी आल्यासारखं वाटतं. पण आपल्या जांभ्याखाली बहुतेक ठिकाणी काळा कातळ असतो. वर्कलात खाली वालुकाश्म आणि चिकणमातीचे थर आहेत. भूगर्भशास्त्रात या थरांना वर्कलाच्याच नावाने वर्कल्ली म्हणतात आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हा कडा भूवारसा म्हणून नोंदवलेला आहे. पाऊस जांभ्यातून झिरपत खाली उतरतो, चिकणमातीला अडतो आणि आडवा बाहेर येतो. पावसाची एखादी सर ओसरल्यावर हेलिपॅडकडच्या सुरक्षित वाटेवरून कड्याची बाजू बघा: तांबडा रंग संपून फिका थर सुरू होतो त्या रेषेवर ओळीने पाणी ठिबकत असतं आणि तिथेच नेचे उगवलेले असतात. कडा सुटतो तो साधारण याच रेषेपासून, कारण खालचा थर भिजून मऊ होतो, लाटा पायथा खातात, आणि वरचा जांभा आधाराशिवाय राहतो. वरून गवत हिरवंगार आणि जमीन पक्की दिसते. म्हणून पावसाळ्यात माझ्या गटासाठी नियम एकच असतो, कठड्याच्या पलीकडे कोणी नाही, आणि कठडा नसेल तिथे कड्यापासून तीन माणसांच्या उंचीएवढं अंतर. कड्याच्या पायथ्याने चालत जाणं पावसात पूर्ण बंद.

राहायचंही याच हिशोबाने ठरवा. हंगामात सगळ्यांना समुद्रासमोरची खोली हवी असते. पावसाळ्यात ती नको. एका वर्षी मी हौसेने अगदी कड्याकाठची खोली घेतली होती. तिसऱ्या रात्री वाऱ्याने खिडकीची झडप निसटली, पाऊस आडवा आत आला, गादी भिजली आणि दिवे गेले. सकाळपर्यंत मी दाराला टेकून खुर्चीत बसून होते. तेव्हापासून मी कड्यापासून पाच-सात मिनिटं आत, नारळीच्या आड असलेलं घर बघते, मालक स्वतः तिथे राहतात असं. जून ते ऑगस्ट कड्यावरचे बरेच कॅफे निळी ताडपत्री लावून बंदच असतात, हेही आधीच लक्षात घ्या. उघडे असतात ते थोडे आणि तिथे गर्दी नसते. तासन्तास बसलात तरी कोणी उठवत नाही. आठवड्याचं भाडं एकदम ठरवलं तर हंगामाच्या मानाने खूप कमीत राहणं होतं. आधी दोनच रात्रींचे पैसे भरा, जागा पटली तर पुढचं ठरवा.

खोली बघताना आधी नाक वापरा. दार उघडताच कुबट वास आला तर पुढे बघूच नका. मग पलंग भिंतीपासून थोडा ओढून मागची भिंत बघा, करड्या-काळ्या ठिपक्यांची बुरशी तिथे पहिली धरते. गादीवर तळहात ठेवण्यापेक्षा हाताची मागची बाजू दाबून धरा. ओल असेल तर ती थंड लागते, तळव्याला तेवढं कळत नाही. समोरासमोर दोन खिडक्या आणि जोरात फिरणारा पंखा असलेली साधी खोली बंदिस्त एसी खोलीपेक्षा पावसात शंभर पटीने बरी.

सामान. तुमची यादी लांब आहे, निम्मी करा. प्रत्येकीला ३५ ते ४० लिटरची सॅक पुरेल. सॅकवर वरून घालायचं कव्हर असतं त्यावर विसंबू नका. पाणी पाठीच्या बाजूने आत शिरतं, कव्हर तिथे नसतंच. सॅकच्या आत आधी एक जाड, मोठी प्लॅस्टिकची पिशवी घाला, सगळं सामान त्या पिशवीत, तोंडाला पीळ देऊन गाठ. जीन्स अजिबात नको. सुती जाड टी-शर्टही नकोत. पातळ, चटकन वाळणारे कपडे तीन जोड.

त्यातला एक जोड कोरडा जोड. हा नियम मी सगळ्यांकडून पाळून घेते. हा जोड फक्त खोलीत, झोपायला. बाहेर कितीही स्वच्छ ऊन दिसलं तरी तो घालून उंबरठा ओलांडायचा नाही. सकाळी बाहेर पडताना आदल्या दिवशीचा दमट जोड अंगावर चढवायला जिवावर येतं, पण पाच मिनिटांत तो अंगाच्या उबेने सोसवतो, आणि रात्री परत आल्यावर पिशवीतून कोरडी कापडं निघतात तेव्हा सगळा शीण जातो. सगळे जोड भिजवून बसलेल्या मुली तिसऱ्या दिवशी तापलेल्या बघितल्या आहेत.

टॉवेल नेऊ नका. तिथे पोचल्यावर एक तोर्त विकत घ्या, आपल्या पंचासारखाच, विरळ विणीचा. तो पंख्याखाली दोन तासांत वाळतो. कपडे धुतले की नुसते पिळून दोरीवर टाकू नका. कोरडा तोर्त जमिनीवर पसरा, त्यावर ओला कुडता, दोन्हीची एकत्र वळकटी करा आणि एकीने एक टोक, दुसरीने दुसरं धरून पीळ द्या. कुडत्यातलं निम्मं पाणी तोर्तात येतं. मग खिडकीच्या गजापासून दारापर्यंत बांधलेल्या सुतळीवर, थेट पंख्याखाली. सुतळी, आठ-दहा चिमटे, एक लहान विजेरी आणि पॉवर बँक एवढं घरून आणा. वीज जाते, आणि कड्यावरच्या वाटा अंधारात निसरड्या असतात.

रेनकोट असेल तर आणा, पण छत्री तिथेच घ्या. केरळात दमट उष्म्यात रेनकोटच्या आत माणूस घामाने भिजतो, त्यामुळे तिथले लोक छत्रीवाले. अलप्पुळाच्या छत्र्या, पॉपी आणि जॉन्स, सगळीकडे मिळतात आणि वाऱ्यात लवकर उलटत नाहीत. पायात मागे पट्टा असलेल्या रबरी सॅंडल. बूट भिजले की दहा दिवस भिजलेलेच.

पावसाचा अंदाज मात्र आपल्यावरून बांधू नका. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. नैऋत्य मोसमी पाऊस केरळात सर्वांत कमी पडतो तो तिरुवनंतपुरम जिल्ह्यात, आणि वर्कला त्याच जिल्ह्यात आहे. आपल्यासारखी आठ-आठ दिवसांची झड तिथे क्वचित. सर येते, अर्धा-पाऊण तास धो धो कोसळते, मग ढग फाटून लखलखीत ऊन. या पावसाला तिथे इडवप्पाति म्हणतात, इडवम या मल्याळी महिन्याच्या (मे-जून) मध्यावर येणारा म्हणून. त्यामुळे दिवसाचं वेळापत्रक घड्याळावर बांधू नका. मी गटाला रोज एकच ठिकाण ठरवून देते, आणि बाकी आकाशाकडे बघून. उघडीप दिसली की लगेच निघायचं, सर आली की जिथे असू तिथल्या चहाच्या टपरीत शिरायचं.

आणि टपऱ्यांतच खरं वर्कला भेटतं. मैतानमकडे, स्टेशनाच्या बाजूला, काचेच्या कपाटात पळमपोरी ठेवलेली असते, पिकलेल्या नेंद्र केळ्याची भजी. सोबत कट्टन चाया, म्हणजे बिनदुधाचा चहा. दुकानदाराला चेट्टा म्हणा, बाईंना चेची. दादा आणि ताईच. जेवताना पेल्यात गुलाबी पाणी आलं तर दचकू नका, पदिमुखम घालून उकळलेलं असतं ते, आपल्याकडे त्या झाडाला पतंग म्हणतात. पावसाळ्यात हेच उकळलेलं पाणी प्या. ट्रॉलर बंद असले तरी लहान होड्या हवा बघून जातात, त्यामुळे मत्ती आणि अयला, म्हणजे तारली आणि बांगडा, मिळत राहतात. कालवणात आंबटाला कुडमपुळी घालतात. ती आपल्या कोकमाची सख्खी चुलत बहीण, फक्त धुरावर वाळवलेली, त्यामुळे रस्सा काळपट आणि जरा धुरकट लागतो. उकडलेल्या कप्प्याबरोबर, म्हणजे टॅपिओकाच्या कंदाबरोबर, तो बांगडा खा. बाहेर पाऊस असताना मला याहून काही लागत नाही. कड्यावरच्या पिझ्झा-पास्त्यासाठी एवढ्या लांब जाऊ नका.

उघडीप मिळाली तर कुठे? कप्पिलला नक्की. उत्तरेला सहा-सात किलोमीटरवर, एका हाताला एडवा-नडयराचं खाऱ्या पाण्याचं तळं, दुसऱ्या हाताला समुद्र आणि मधून चिंचोळा रस्ता. बसने जा किंवा रिक्षाने. पावसात तळं फुगून समुद्राला मिळतं. ते मुख जिथे फुटतं तिथल्या वाळूवर उभं राहू नका, पाणी खालून वाळू कापत असतं आणि पायाखालची कड एकदम बसते. पुलावरून बघा. दक्षिणेला अंचुतेंगु आहे, नावाचा अर्थ पाच माड. तिथे सतराव्या शतकाच्या अखेरीला इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने बांधलेला छोटा किल्ला आहे, अर्ध्या तासात बघून होतो, पण आजूबाजूची मच्छीमारांची वस्ती आणि समुद्राने खाल्लेली घरं बघितल्यावर कडलाक्रमणम, म्हणजे समुद्राचं आक्रमण, हा शब्द कळतो. तिथे फोटो विचारूनच काढा, ती माणसांची मोडलेली घरं आहेत.

दिवसभर पाऊस लागला तर शिवगिरीला जा. नारायण गुरूंची (१८५६–१९२८) समाधी तिथे टेकडीवर आहे. ज्या माणसाने केरळातल्या जातिव्यवस्थेला मुळापासून हलवलं त्याचं हे ठिकाण. टागोर १९२२ मध्ये आणि गांधीजी १९२५ मध्ये, वैकोम सत्याग्रहाच्या (देवळाभोवतीचे रस्ते सगळ्या जातींना खुले व्हावेत म्हणून झालेल्या) दिवसांत, त्यांना इथेच भेटले. ज्या मुलांना मी महाराष्ट्रातून नेते त्यांना फुले-आंबेडकर माहीत असतात, नारायण गुरू नसतात. पावसात तिथे माणसं कमी असतात, बसून राहता येतं. महाराष्ट्रातून जाणाऱ्याने ही एक दुपार तिथे द्यावीच असं मला मनापासून वाटतं.

तब्येतीचं थोडक्यात. पायाला जखम, चीर, फुटलेला फोड असेल तर साचलेल्या पाण्यातून चालू नका. लेप्टोला तिथे एलिप्पनी म्हणतात, उंदीरताप. पावसाळ्यात तो आपल्यासारखाच तिथेही असतो. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, यातलं काही झालं तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टरकडे, आणि पाण्यातून चालल्याचं त्यांना आवर्जून सांगा. संध्याकाळी डासांसाठी पूर्ण बाह्या. बाकी अंग दुखत असेल तर एखादा तेलाचा अभ्यंग करून घ्या. कर्किडकम हा मल्याळी महिना (साधारण मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट) तिथे आयुर्वेदाच्या उपचारांचा मानतात, पण वैद्य खरा आहे का ते बघून, फलक बघून नव्हे.

जाणं-येणं. लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी नेत्रावती एक्सप्रेस कोकण रेल्वेने जाते आणि वर्कला शिवगिरी स्थानकावर थांबते. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्यांचा वेग कमी ठेवतात, मुसळधार पावसात आणखी कमी. त्यामुळे सुटायची वेळ तिकिटावरची पुन्हा तपासा आणि पोचल्याच दिवशी कुठलाही बेत ठेवू नका. परतीच्या दिवशी तर नाहीच, सुटीत एक दिवस मोकळा सोडा. स्लीपरची खिडकी मिळाली तर घ्या. कोकणचा पट्टा दिवसाउजेडी आणि पावसात, यासाठी विमानाचं तिकीट मी कितीदा सोडलं आहे.

बोर्डाविषयी एक राहिलं. तुम्ही विचारलं आहे की स्वतःचा बोर्ड विकत घेऊन न्यावा का. आता नको. नवशिक्याला आठ-नऊ फुटांचा, मऊ फोमचा बोर्ड लागतो, तो शिकवणाऱ्याकडे भाड्याने मिळतो आणि रेल्वेच्या डब्यात नेणं जमत नाही. ऑक्टोबरपर्यंत करायचं ते वेगळं: तलावात न थांबता दोनशे मीटर पोहायची सवय करा, आणि घरी चटईवर उठायचा सराव. पालथं झोपा, तळवे छातीच्या बाजूला सपाट टेकवा, बोर्डाच्या कडा पकडायच्या नाहीत, एका झटक्यात दोन्ही पाय खाली घेऊन, अंग एका बाजूला वळवून उभं राहा, नजर समोरच्या भिंतीवर. गुडघा टेकवून उठायची सवय लागली तर ती पाण्यात सुटत नाही. रोज वीस वेळा. वर्कलाच्या खोलीतही पाऊस पडत असताना हे करता येईल.

शेवटचं तुमच्या तारखांबद्दल. कर्किडकमातल्या अमावास्येला पापनाशमला वावुबली असते, पितरांना पिंड द्यायचा दिवस. तो जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत कधीही येतो, आणि आपल्या घरी साधारण त्याच दिवशी दिव्याची अवस असते. पहाटे तीन-साडेतीनपासून हजारो माणसं ओल्या वस्त्रांनी रांगेत उभी असतात, केळीच्या पानावर भात, तीळ, दर्भ, आणि पुरोहित सांगतील तसे सगळे एकदम हात जोडतात. वर्कला हे नाव नारदाने फेकलेलं वल्कल इथे पडलं म्हणून, अशी तिथली कथा आहे. जनार्दनस्वामींचं देऊळ टेकडीवर आहे, आणि खाली किनाऱ्यावर हा विधी. बाजूला उभं राहून बघा, विधी करणाऱ्यांचे फोटो काढू नका. त्या दोन दिवसांत गावात खोल्या मिळत नाहीत, गाड्या भरून येतात, रस्ते अडवलेले असतात. तुमची तारीख त्यात येत असेल तर खोली आत्ताच सांगून ठेवा, टेम्पल जंक्शनच्या जवळ न घेता थोडी उत्तरेकडे घ्या, आणि आदल्या रात्री लवकर झोपा.